अतिरेकी डाएटिंगमधून सावरणे

वजन उतरवण्यासाठी किंवा ते वाढू नये म्हणून दीर्घकाळ गरजेपेक्षा कमी खाल्ल्यावर शरीराची जी कामे मंदावतात किंवा बंद पडतात, ती पूर्ववत सुरू होण्याची प्रक्रिया. स्त्रियांमध्ये तिची सर्वांत ठळक खूण म्हणजे थांबलेली पाळी परत येणे. पण हाडे, थायरॉइड, पचन, झोप, भूक आणि अन्नाची मनात बसलेली धास्ती यांचेही सावरणे त्यात येते, आणि यातले प्रत्येक आपापल्या वेळाने होते.

असे डाएटिंग केलेली स्त्री हडकुळी दिसेलच असे नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. खरा हिशेब शिल्लक ऊर्जेचा असतो. खाल्लेल्या कॅलरींमधून व्यायामात गेलेल्या वजा केल्या की जे उरते, त्यावर शरीराला बाकीचा सगळा संसार चालवायचा असतो. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ४५ किलोकॅलरी शिल्लक राहिल्या तर भागते. संशोधक अॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही शिल्लक ३० च्या खाली नेल्यावर अवघ्या ५ दिवसांत पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाची (हार्मोनची) लय बिघडलेली दिसली. (हा आकडा म्हणजे काटेकोर सीमारेषा नव्हे, कुणाचे त्याच्या वरही बिघडते, कुणाचे खालीही निभावते.) समजा, एखाद्या स्त्रीचे चरबीविरहित वजन ४५ किलो आहे, ती दिवसाला १,६०० किलोकॅलरी खाते आणि ४०० पळण्यात घालवते. तिच्या वाट्याला किलोमागे जेमतेम २७ उरतात. वजनकाटा मात्र महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर असू शकतो, कारण शरीराने खर्चालाच कात्री लावलेली असते.

ही कात्री कुठे लागते ते शरीर स्वतः ठरवते, आणि प्रजनन त्यात फार लवकर येते. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने सुटणारे संप्रेरक विरळ होते, पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला जाणारा निरोप क्षीण होतो, बीज पक्व होत नाही, इस्ट्रोजेन उतरते आणि पाळी थांबते. अंडाशय धडधाकट असतो, त्याला सांगावा येत नाही इतकेच. संशोधक रोझ फ्रिश यांनी १९७४ मध्ये पाळीचा संबंध शरीरातील चरबीच्या प्रमाणाशी जोडला होता. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर मेंदूला शिलकीची खबर कशी पोहोचते, याचा एक धागा हाती आला. अन्न तुटले की पाळी जाते, हे त्याआधीच युद्धाने दाखवून दिले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील नेदरलँड्सच्या उपासमारीत असंख्य स्त्रियांची पाळी बंद झाली आणि सुमारे ९ महिन्यांनी जन्मांची संख्या घसरली. पाळीसोबत इतरही खुणा दिसतात: सतत थंडी वाजणे, नाडी मंदावणे, बद्धकोष्ठ, चिडचिड, कामेच्छा ओसरणे.

सावरण्याच्या काळात काय घडते, याचा सर्वांत तपशीलवार अभ्यास पुरुषांवर झालेला आहे, ही या विषयातली विचित्र गोष्ट. संशोधक अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके चाळू लागले. पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावरही त्यांची भूक कित्येक आठवडे शमली नाही. चरबी आधी भरून आली, काहींची तर पूर्वीपेक्षा जास्त. स्नायू मागून आले.

स्त्रियांना नेमका हाच टप्पा सर्वांत घाबरवतो. जेवण होऊनही तासाभरात पुन्हा भूक लागते, चेहरा आणि घोटे पाणी धरून सुजतात, पोट फुगते, आणि नवी चरबी आधी कमरेभोवतीच साठते. केस तर भलत्याच वेळी गळतात: उपासमारीचा परिणाम त्यांच्यावर दोन-तीन महिन्यांनी दिसतो, म्हणजे नीट खायला लागल्यानंतर. ‘नियंत्रण सुटले’ असे वाटून पुन्हा आहार तोडला की सगळे मागे जाते. ‘चीट डे’ या शब्दातच एक दिवस पोटभर खाणे म्हणजे लबाडी हे गृहीत आहे; तो शब्द सोडणे हाही उपचाराचाच भाग मानायला हरकत नाही.

अतिशय कृश झालेल्या किंवा बरेच दिवस जवळपास उपाशी राहिलेल्या व्यक्तीने मात्र एकदम भरपूर खाणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. तिथे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो.

उपचार ऐकायला साधा आहे: खाणे वाढवणे, व्यायाम कमी करणे, गरज असेल तर मानसोपचार. अडचण निदानात येते. पाळी नाही आणि सोनोग्राफीत अंडाशयावर अनेक छोट्या पुटिका दिसतात, म्हणून काही बारीक स्त्रियांवर ‘पीसीओएस’चा (पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या एका विकाराचा) शिक्का बसतो आणि त्यांना आणखी कमी खायला सांगितले जाते, हा सल्ला त्यांच्यासाठी अगदी उलटा ठरतो. दुसरी पळवाट गर्भनिरोधक गोळ्यांची. गोळ्या थांबवलेल्या दिवसांत येणारा रक्तस्राव गोळीमुळे असतो; त्यावरून शरीर सावरले की नाही, हे कळत नाही. निव्वळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडे वाचवण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. खरी पाळी येण्याआधी साधारण दोन आठवडे बीज सुटलेले असते. त्यामुळे पाळी अजून आली नाही म्हणून गर्भ राहणार नाही, हा समज चुकीचा आहे.

पाळी काही महिन्यांत परतू शकते. कुणाला वर्षाहून जास्त काळ लागतो. हाडांचा वेग याहून बराच कमी. हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आसपासपर्यंत तयार होतो, आणि नेमकी तीच वर्षे अर्धपोटी गेली तर हाडांच्या ठेवीत पुरती भर पडत नाही. म्हणून पाळी ६ महिने किंवा अधिक काळ बंद असलेल्या स्त्रीची हाडांची घनता तपासून घेतात. आहार आणि पाळी पूर्ववत झाल्यावर घनता सुधारते, पण वर्षांच्या हिशेबाने, आणि काही जणींमध्ये ती त्यांच्या वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा कमीच राहते.