भीती वाटते ते टाळणं: या सवयीचा उलगडा कसा होत गेला

घाबरलेला माणूस पळतो यात नवल काहीच नाही. पण धोका टळून वर्षं उलटली तरी तो त्या वाटेला का फिरकत नाही, हा प्रश्न मानसशास्त्राला शंभरेक वर्षं पुरलाय. आणि मला मनापासून वाटतं की हा इतिहास माहीत असला तर घरात कुणाला "तू मनावरच घेत नाहीस" म्हणायच्या आधी आपण जरा थांबू.

सुरुवात बहुतेक जण 1920 पासून करतात. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत अल्बर्ट नावाच्या 11 महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागून लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा असं केलं, थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर बघून रडायला लागलं. आज हे कुठलीही एथिक्स कमिटी करू देणार नाही, आणि देऊही नये. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी उलटं करून दाखवलं, सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला. हे काम पुढे बरीच वर्षं मागे पडून राहिलं याचं वाईट वाटतं.

पण भीती शिकणं वेगळं आणि टाळणं शिकणं वेगळं, गाडं अडलं ते इथेच. टाळलं तर काहीच घडत नाही, मग जे घडलंच नाही त्यातून प्राणी शिकतो काय? 1947 मध्ये होबार्ट मौरर यांनी याच्या दोन पायऱ्या मांडल्या. आधी एखादी खूण आणि धोका यांची गाठ मनात बसते, मग त्या खुणेपासून लांब गेलं की भीती उतरते, आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस. पुढच्या वर्षी नील मिलर यांचा प्रयोग आला, पांढऱ्या कप्प्यात शॉक बसलेले उंदीर नंतर शॉक बंद असतानासुद्धा तिथून सुटायला चाक फिरवायचं शिकले.

ओळखीतल्या एक वयनी पर्वरीच्या, पणजीला यायचं म्हटलं की पूल सोडून बेतीला जाऊन फेरीबोट धरतात. कधीतरी पुलाच्या मध्यावर बस ट्रॅफिकमध्ये अडकली, छाती धडधडायला लागली, हात गार पडले, बस्स. घरचे म्हणतात, "वयनी, पूल काय पडतोय?" (1986 मध्ये मांडवीवरचा पूल खरंच कोसळला होता, त्यामुळे हे वाक्य गोव्यात सांभाळून बोलावं.) बेतीच्या रस्त्याला वळलं की त्यांचा श्वास मोकळा होतो, खांदे खाली येतात. मौरर म्हणतात ते बक्षीस ते हेच, पाणी ओलांडायच्याही आधी मिळालेलं.

मग 1953 मध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांच्या प्रयोगातले कुत्रे आले आणि सगळ्यांना कोड्यात टाकलं. दिवा मंद झाला की 10 सेकंदांनी शॉक, मधल्या आडोशावरून पलीकडे उडी मारली तर सुटका. कुत्रे हे पटकन शिकले. पुढे शॉक कायमचा बंद केला तरी ते शेकडो वेळा उड्या मारत राहिले, आणि तेही शांतपणे, घाबरल्याची लक्षणं कमी कमी होत गेलेली. भीतीच दिसत नाही तर भीती उतरण्याचं बक्षीस कुठून येतंय? मौरर यांची मांडणी इथे अपुरी पडली. मार्टिन सेलिगमन आणि जेम्स जॉन्स्टन यांनी 1973 मध्ये म्हटलं की प्राण्याची एक अपेक्षा असते, उडी मारली तर शॉक नाही, नाही मारली तर शॉक. आणि तो उडी मारतच राहिला तर दुसरी अपेक्षा कधी तपासलीच जात नाही. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण "इतक्या वर्षांत काही झालं नाही ना, मग अजून कसली भीती" हा घरचा युक्तिवाद त्या माणसाला का पटत नाही ते इथे कळतं, त्याच्या हिशोबात काही झालं नाही ते टाळल्यामुळेच!

उपचार मात्र थिअरीची वाट बघत थांबले नव्हते. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये ओसीडीच्या (नको ते विचार आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहण्याचा आजार) दोन पेशंटवरचं काम छापलं. त्यातल्या सतत धुण्यापुसण्यात अडकलेल्या बाईंना घाण वाटणाऱ्या वस्तू हाताळायला लावायच्या आणि नंतर धुवायचं नाही, नर्स सोबत, नळ बंद. आजची एक्स्पोजर थेरपी, म्हणजे भीती वाटते त्याला न टाळता सामोरं जायला लावणारा उपचार, बरीचशी याच वाटेवरून आलीय.

1991 मध्ये पॉल साल्कोव्स्किस यांनी टाळण्याचे बारीक प्रकार पुढे आणले. माणूस जातो खरा पण रेलिंग घट्ट धरून, पाण्याची बाटली आणि गोळीची स्ट्रिप पर्समध्ये ठेवून, कुणाला तरी फोन लावून. सुखरूप पोचला की श्रेय त्या बाटलीला. 2009 मध्ये पीटर लव्हिबाँड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत माणसांवरच हे दाखवलं, टाळायचं बटण हाताशी राहिलं तर धोक्याची अपेक्षा जशीच्या तशी टिकून राहते.

आपल्या गोव्याचाही यात वाटा आहे, डिप्रेशनच्या बाजूने. तिथेही माणूस लोक, कामं, बाहेर पडणं टाळत जातो. संगाथ संस्थेचा हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम अशा टाळण्यावर काम करतो, त्याची गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधली चाचणी 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. उपचार देणारे सायकायट्रिस्ट नव्हते, ट्रेनिंग घेतलेली इथलीच साधी माणसं होती. एन्झायटीसाठी बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि तिथवर जाणंच अवघड वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट.