मोटारगाडीतील बॅटरीचे अल्टरनेटरद्वारे भारण

मोटारगाडीचे एंजिन चालू असताना त्याच्या शक्तीचा थोडासा भाग विजेत बदलून गाडीतील शिसे-आम्ल बॅटरी भारित (चार्ज) ठेवण्याचे आणि त्याच वेळी दिवे, पंखा, वायपर यांना वीज पुरविण्याचे काम अल्टरनेटर हा विद्युत्‌जनित्र करतो. एंजिन सुरू करण्यापुरती वीज बॅटरीची असते. एंजिनाने वेग घेतल्यावर मात्र सर्व भार सामान्यतः अल्टरनेटरच वाहतो.

एंजिनाच्या पुलीवरील पट्ट्यामुळे अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे त्याचा फिरता भाग, एंजिनाच्या दोन ते तीन पट वेगाने फिरतो. रोटरच्या गुंडाळीला कार्बन ब्रश आणि त्यांना घासत फिरणाऱ्या स्लिप रिंगा (धातूची कडी) यांमार्फत काही अँपिअर प्रवाह मिळून ती चुंबक बनते आणि सभोवतालच्या स्थिर गुंडाळ्यांत त्रिकला (थ्री-फेज) प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह निर्माण होतो. बॅटरीला एकदिश (डीसी) प्रवाह लागत असल्याने, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या सहा सिलिकॉन डायोडांचा संच तो बदलून देतो. हेच डायोड एंजिन थांबल्यावर बॅटरीतील वीज उलट वाहू देत नाहीत, त्यामुळे पूर्वी अल्टरनेटरच्या जागी असणाऱ्या डायनॅमो या एकदिश जनित्राला लागणारा कटआउट (उलटा प्रवाह तोडणारा स्विच) येथे लागत नाही. डायनॅमोत सगळा उत्पादित प्रवाह ब्रशांतून जात असे आणि एंजिन मंद फिरताना त्याची वीज अपुरी पडे. स्वस्त व टिकाऊ डायोड मिळू लागल्यावर हे चित्र पालटले. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसविला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला.

बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असल्याने पूर्ण भारित आणि स्थिरावलेल्या बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज) सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. भारणासाठी याहून अधिक दाब हवा, म्हणून अल्टरनेटरचा नियामक (रेग्युलेटर) रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टांत ठेवतो. दाब बराच वाढला तर पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतात आणि पाणी आटते. कमी राहिला तर बॅटरीच्या आतील पट्टिकांवरील (प्लेटांवरील) शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक होऊन बॅटरीची क्षमता कायमची घटते. उष्ण हवेत योग्य दाब थोडा कमी असतो, त्यामुळे अनेक नियामक तापमानानुसार तो बदलतात.

अल्टरनेटर पूर्ण उतरलेली बॅटरी थोड्या वेळात भरून देतो, हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी पुष्कळ बॅटऱ्या अकाली निकामी होतात. स्टार्टरने २०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद घेतला, तरी खर्च एका अँपिअर-तासाचा (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास होणाऱ्या खर्चाचा) जेमतेम सहावा भाग असतो, आणि तो काही मिनिटांच्या प्रवासात भरून निघतो. याउलट प्रत्येकी ५ वॉटचे चार पार्किंग दिवे रात्रभर, दहा तास, जळत राहिले तर सुमारे १७ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीची जवळजवळ निम्मी वीज. ही तूट भरताना सुरुवातीला प्रवाह मोठा असतो, पण बॅटरीचा स्वतःचा दाब वाढत जातो तसा तो घटतो आणि शेवटच्या टप्प्याला काही तास लागतात. पूर्ण उतरलेली बॅटरी जोडून गाडी जागेवरच चालू ठेवली, तर अल्टरनेटर कमी वेगात, अपुऱ्या थंडाव्यात, जास्तीत जास्त प्रवाह देत तापत राहतो. अशी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर, क्षमतेच्या सुमारे एक-दशांश प्रवाहाने भरणे हेच तिच्या हिताचे असते.

डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा एंजिन चालू असताना पेटला, तर पट्टा, ब्रश, डायोड किंवा नियामक यांपैकी काहीतरी बिघडल्याचा संभव असतो. चालू एंजिनात बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची डायनॅमोच्या काळातील सवय मात्र आता धोकादायक ठरते, कारण भार अचानक सुटल्याने दाब क्षणात उसळून डायोड आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. त्यापेक्षा बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मल्टिमीटर लावून दाब पाहावा. मात्र इंधन वाचविण्यासाठी संगणकाने भारण मुद्दाम कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांत १३ व्होल्टांच्या आतले वाचनही नेहमीच दोष दर्शवीत नाही.