काचेची पडदाभिंत

इमारतीचा भार न पेलणारी, प्रत्येक स्लॅबच्या कडेला ब्रॅकेटने अडकवलेली अ‍ॅल्युमिनियम-काचेची बाहेरची भिंत. खान्देशातले कंत्राटदार तिला ‘ग्लेझिंग’ किंवा नुसते ‘काचेचे एलेव्हेशन’ म्हणतात.

कंपन्यांच्या मुख्यालयांना हे रूप देणाऱ्यांत अमेरिकन वास्तुरचनाकार नॅटली डी ब्लॉय (१९२१–२०१३) अग्रणी होत्या. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन १९४४ साली त्या न्यूयॉर्कच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेत आल्या. लिव्हर हाऊस (१९५२), पेप्सी-कोला (१९६०) आणि ५२ मजली युनियन कार्बाइड (१९६०) या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील तिन्ही इमारतींच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. नाव झाले ते संस्थेतले भागीदार गॉर्डन बनशाफ्ट यांचे. हा अन्याय पुढे खुद्द संस्थापक ओविंग्ज यांनी आत्मचरित्रात मान्य केला. शिकागो शाखेत १९६४ मध्ये त्या असोसिएट पार्टनर झाल्या, पण पूर्ण भागीदारी मिळालीच नाही. १९७४ मध्ये त्यांनी संस्था सोडली. नंतर ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. युनियन कार्बाइडची इमारत २०१९ नंतर पाडण्यात आली.

लिव्हर हाऊसच्या खिडक्या उघडत नाहीत, कारण तिथे मध्यवर्ती वातानुकूलन हा रचनेचाच भाग होता. जळगाव-धुळ्याकडे बहुधा दर्शनी भागाचीच नक्कल होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि वीज गेली की बंद काचेमागची खोली तासाभरात नकोशी होते. मेच्या अखेरीस इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेची काच त्यामुळे फारशी तापत नाही, खरा त्रास पश्चिमेचा. तिरप्या उन्हापुढे आडवा छज्जा निरुपयोगी. उभ्या पट्ट्या लावाव्यात, नाहीतर ती बाजू जाड विटांचीच ठेवावी. धाब्याच्या घरांच्या रुंद मातीच्या भिंती हेच काम करत आल्या आहेत. दर मजल्यावर काही झडपा उघडत्या हव्यातच.

अ‍ॅल्युमिनियमचा ६ मीटर लांबीचा उभा सेक्शन ४० अंशांच्या फरकाने सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढतो. म्हणून एक टोक पक्के, दुसरे लांबट भोकात बोल्टने सैल, आणि जोडात १० ते १२ मिलिमीटर फट. ही फट न ठेवल्यास सेक्शन वाकतो, काच कडेला दाबली जाऊन तडकते. रंगीत साध्या काचेवर अर्धे ऊन, अर्धी सावली पडली तरी तडा जातो. अशा जागी टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच घ्यावी, मात्र भोके आणि माप आधीच ठरवून, कारण नंतर ती कापता येत नाही.

सिलिकॉन भरण्याआधी फटीत फोमची दोरी घालतात. ती नसेल तर सिलिकॉन तिन्ही बाजूंना चिकटते, ताण सोसत नाही आणि पहिल्याच पावसात गळती सुरू होते. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपाव्यात. उन्हाळी वाऱ्यात काळ्या मातीची धूळ मिनिटांत बसते. स्लॅब आणि काचेमधली पोकळी रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) व जस्ती पत्र्याने बंद करणे सर्रास राहून जाते. आग लागल्यास धूर तिथूनच वरच्या मजल्यावर चढतो.

काच धुण्यासाठी लिव्हर हाऊसच्या गच्चीवर रुळांवर फिरणारा पाळणा होता. इथे निदान दोर बांधायचे हूक तरी गच्चीचा स्लॅब भरतानाच बसवावेत. नंतर भोके पाडून लावले तर वॉटरप्रूफिंग फुटते.