बोट निघालं, बटण सरकलं

इंदूरला राजवाड्यामागे माझ्या मावसबहिणीचं महेश्वरी साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट तयार झाली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिने मावशीलाच बसवलं. मावशी ‘ऑर्डर करा’ दाबायला गेली आणि उघडली भलतीच साडी. पुन्हा तेच झाल्यावर ती म्हणाली, “माझाच हात थरथरतो गं आता.”

हात थरथरत नव्हता. पानावर मजकूर आधी येतो, फोटो मागून. फोटोला किती जागा लागेल हे ब्राउझरला ठाऊक नसेल, तर फोटो येताच खालचं सगळं ढकललं जातं. आणि मावशीचं बोट तर आधीच निघालेलं. डोळ्यांनी बदल टिपून मेंदूने हाताला ‘थांब’ म्हणायला तरण्या माणसालाही साधारण 0.2 सेकंद लागतात, वयानुसार आणखी. तेवढ्या अवधीत बटण सरकलं तर कुणाचंच बोट थांबणार नाही. उपाय मात्र सोपा. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहायची, म्हणजे पाहुणा यायच्या आधी पाट मांडलेला असतो.

बटणाच्या आकाराचंही गणित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 साली लोकांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोचणी टेकवायला लावली. पट्टी जितकी अरुंद आणि दूर, तितका वेळ जास्त. म्हणूनच बटण साधारण 9 मिलिमीटरचं तरी असावं, असं अँड्रॉइडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बहिणीची बटणं नाजूक होती. ती तिने लगेच मोठी केली.

फोटोंवर मात्र ती अडून बसली. महेश्वरी काठावर महेश्वरच्या किल्ल्याच्या कोरीवकामातली नक्षी उतरलेली असते, ती दिसायलाच हवी, आणि ते मला पटतं. पण तिचे फोटो 4000 बाय 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांचे (पिक्सेलचे), आणि जितके ठिपके जास्त, तितका फोटो यायला उशीर. मावशीच्या फोनची रुंदी 1080 ठिपके. तेवढ्यापुरता फोटो केला तर पावणेनऊ लाख ठिपके पुरतात, जवळपास चौदावा हिस्सा. मूळ फोटो काठावर बोट ठेवल्यावरच मागवायचा, असं ठरलं. वाट पाहण्याच्याही पायऱ्या आहेत: 0.1 सेकंदात उत्तर आलं तर ते आपण दाबल्यामुळेच झालं असं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, 10 सेकंदांनी मन दुसरीकडे जातं. साडी निवडणारीची तार तुटू देणं मला फार वाईट वाटतं.

राहिला रंग. जरीला शोभतील म्हणून तिने मोतिया पानावर सोनेरी अक्षरं ठेवली आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर निदान 4.5 असावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तिचं मोजलं तर 2 भरलं. यावर आमचं अजून जमलेलं नाही. रविवारी भर दुपारी दुकानाच्या ओट्यावर उन्हात मावशीच्या हाती फोन द्यायचा आणि आम्ही दोघांनी गप्प बसायचं, एवढं ठरलं आहे.