क्लिपवर ९७, पण श्वास किती?

रुग्णाच्या छातीवर वायरलेस पॅच चिकटवला की नातेवाईक हमखास विचारतात, "बोटाला क्लिप आहे, ऑक्सिजन ९७ दाखवतेय, मग हे आणखी कशाला?" त्यांनी विचारणं साहजिक आहे. पण पॅचने श्वासाचा इशारा दिल्यावर वॉर्डातलं कुणी क्लिपकडे बघतं, "सॅच्युरेशन छान आहे" म्हणतं आणि इशारा बंद करून पुढच्या खाटेकडे जातं, तेव्हा मला राहवत नाही.

क्लिप आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यामागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो आणि हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते, म्हणजे सॅच्युरेशन, कळतं. पॅच मिनिटाला किती श्वास होतात ते मोजतो. छाती फुगते-बसते तसा विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहाला होणारा अडथळा बदलतो. काही पॅच छातीची हालचालच टिपतात. पॅचने आकडे ब्लूटूथने पाठवावेत की वायफायने, यावर लोक तावातावाने बोलतात. रुग्णाला वायरीत न अडकता उठता-फिरता येतं, माझ्या लेखी एवढं पुरे.

आता खरा घोळ. श्वासाची कामं दोन: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. क्लिपला फक्त पहिलं दिसतं. रुग्ण साध्या हवेवर असेल तर निदान एक आधार असतो, कारण श्वास फारच मंदावला की सॅच्युरेशनही घसरतं. नाकात ऑक्सिजनची नळी लावली की हा आधार जातो.

हिशेब करून बघा. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब (मिलिमीटर पाऱ्यात) एरवी ४० च्या आसपास असतो. ऑपरेशननंतर वेदनेसाठी मॉर्फिन चालू आहे, त्याने श्वास मंदावलाय आणि हा दाब ८० वर गेलाय, असं धरा. साध्या हवेवर फुप्फुसातल्या वायुकोशांमधला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ५० वर येतो. क्लिप ८५ च्या खाली जाऊन ओरडायला लागते. त्याच रुग्णाला ३० टक्के ऑक्सिजन मिळत असेल तर वायुकोशांमधला ऑक्सिजनचा दाब ११० च्या वर राहतो आणि क्लिप ९६-९७ दाखवत बसते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झालेला असतो, रुग्णाला गुंगी येत असते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, झोप लागली. पांघरूण बाजूला करून छातीकडे पूर्ण मिनिटभर बघा: सात श्वास. निरोगी प्रौढाचे १२ ते २० असतात. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या न्यूज-२ तक्त्यात (रुग्णाची तब्येत बिघडतेय का हे गुणांवरून ओळखायचा तक्ता) ८ किंवा त्याहून कमी श्वासांना थेट ३ गुण आहेत, म्हणजे त्या रकान्यातला सगळ्यात गंभीर दर्जा. अशा वेळी श्वास न मोजता ऑक्सिजन वाढवणं म्हणजे क्लिपचं तोंड आणखी घट्ट बंद करणं.

उलट दिशेनेही हेच होतं. जंतुसंसर्ग अंगात भिनायला लागला की श्वास १८ चे २४, २४ चे २८ होतात आणि सॅच्युरेशन मात्र तासन्तास जागचं हलत नाही. रुग्ण धापा टाकून ते टिकवून धरत असतो. म्हणून दोन्हींतला एकच आकडा मिळणार असेल तर मी श्वासाचा मागेन.

आणि तोच आकडा तक्त्यावर सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जातो. अख्ख्या वॉर्डात एकजात १८ किंवा २०! १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. काही पॅच दर २ मिनिटांनी मोजतात. चार-सहा तासांनी घाईघाईत टेकवलेल्या अंदाजापेक्षा ते कितीतरी बरं.

पॅचही चुकतो. रुग्ण बोलत असेल, चालत असेल, तर आकडा भरकटतो. शंका आली तर पडताळा क्लिपवरून घेऊ नका. छातीवर हलकेच हात ठेवा आणि घड्याळ लावून ६० सेकंद मोजा.

एका ठिकाणी मात्र पॅच आणि तुमचा हात दोघंही फसू शकतात. झोपेत घसा मिटला तरी छाती हलत राहते आणि तो श्वास धरला जातो, हवा मात्र आत-बाहेर होत नाही. म्हणून घोरणाऱ्या आणि मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाच्या नाकापाशी तळहात धरून उच्छ्वास लागतो का तेही बघा, आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मिळत असेल तर तो पहिल्या रात्रीच लावून घ्या.