कुलूप दिसतंय, पण किल्ली कुणाकडे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांपासून आमच्या सोसायटीच्या खजिनदारांपर्यंत सगळे एकच सांगतात: "वर कुलूप दिसतंय ना? मग ऑनलाइन शीट कुणीच वाचू शकत नाही." नाही हो! ब्राउझरमधलं ते कुलूप फक्त वाटेचं. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत, म्हणजे कंपनीच्या संगणकापर्यंत, मजकूर मधे कुणी वाचू नये, एवढंच त्याचं काम. गूगल डॉक्ससारख्या सेवेत सर्व्हरवरही मजकूर एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, ठेवतात, पण नेहमीच्या खात्याची किल्ली कंपनीकडेच असते.

क्रिप्टपॅडची तऱ्हा वेगळी. शीट, डॉक्युमेंट ऑनलाइन मिळून लिहायचं, फ्रान्सच्या एक्सविकी कंपनीचं हे मुक्त सॉफ्टवेअर. इथे मजकूर तुमच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो. सर्व्हरला मिळतो निरर्थक अक्षरांचा ढीग. मग चौघं एकाच शीटमध्ये लिहितात कसे? गंमत लिंकमध्ये आहे. तिला हॅशच्या (#) खुणेनंतर अक्षरांचं लांबलचक शेपूट असतं, किल्ली त्यातच. आणि हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

म्हणजे लिंक हीच किल्ली. मागच्या महिन्यात आमच्या एका जोडीदाराने चादरींच्या दराच्या शीटची लिंक, तीही बदल करता येणारी, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत दर बदललेले! त्याला एन्क्रिप्शन काय करणार? फक्त वाचायची लिंक वेगळी मिळते, ती द्यायची. वर शीटला पासवर्डही लावता येतो. खात्याचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. तो विसरलात, तर चालवणाऱ्यांनाही परत काढून देता येत नाही.