"मोटार पाणी ओढंना" : नवी मोटार घ्यायच्या आधी हे वाचा

(आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी माहितीपत्रक. बिलासोबत मोफत.)

मार्च उजाडला की आमच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं. "मोटार पाणी ओढंना झालीया, मोठी द्या." पाचची (म्हणजे पाच एचपी, अश्वशक्तीची) असली तर साडेसातची, साडेसातची असली तर दहाची. आम्ही मोटारी विकतो, त्यामुळं गप बसून बिल फाडायला आमची काहीच हरकत नसावी. पण न विचारता मोठी मोटार नेलेला माणूस आठ दिवसांनी परत येतो, आणि तेव्हा तो जे बोलतो ते छापता येत नाही. म्हणून हा कागद.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी कुणी ओढत नाही. विहिरीच्या काठावरचा पंपही नाही. पाण्याला दोरी बांधून खेचता येत नाही, ते फक्त ढकलता येतं. पंप करतो एवढंच की सक्शन पाइपातला, म्हणजे विहिरीतून पंपाकडं येणाऱ्या पाइपातला दाब कमी करतो. मग विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो भार असतो, तो पाण्याला पाइपात वर ढकलतो. शहाळ्यात नळी घालून आपण पाणी पितो तेव्हा हेच घडतं. नळीला बारीक भोक पडलं की नुसती हवा तोंडात येते, शहाळं भरलेलं असलं तरी.

आता हवेची ताकद किती? समुद्रकाठी ती पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलते. इटलीत टॉरिचेली नावाच्या शास्त्रज्ञानं १६४३ च्या सुमारास पारा भरलेल्या नळीवर हे दाखवलं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवरच थांबतो. जसजसं उंच जावं तसतशी डोक्यावरची हवा कमी होते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तिथं हाच आकडा ९.७ मीटरच्या आसपास येतो. महाबळेश्वरला तर पावणेनऊ मीटरच. (तिकडचे स्ट्रॉबेरीवाले पाहुणे इकडचा अंदाज धरून सक्शन बसवतात आणि फसतात.)

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात फुटबॉल, म्हणजे फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप), थोडी ताकद खातो, बेंड खातो, पाइपाचं घर्षण खातं, आणि पंपाच्या तोंडाशीही थोडा दाब शिल्लक राहावा लागतो. म्हणून आमचा हिशेब सरळ आहे : पाण्याची पातळी ते पंप, उभं अंतर २० फूट. त्याच्या पुढं भरवसा नाही. ३२ फुटांच्या पुढं तर पन्नास एचपी लावा, पाणी चढणार नाही, कारण वर ढकलणारी हवा आहे, तुमची मोटार नाही.

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, खोली सुमारे ११० फूट. तिच्या काठावर पंप ठेवला आणि पाणी तळाला गेलं, तर तो पंप नुसता कोरडा फिरेल. बैलांच्या मोटेला मात्र ही अडचण नव्हती. मोट खाली जाते, भरते आणि भरलेली उचलली जाते. पाणबुडी मोटारीचंही तसंच. ती पाण्यातच बसते आणि खालून ढकलते, त्यामुळं तिला २० फुटांची अट लागू नाही.

एका विहिरीवरची गोष्ट

मागच्या एप्रिलमधली. एक तात्या आले. द्राक्षबाग, पाचची मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेली), पाणी हातभर येतं आणि तुटतं. साडेसातचीच पाहिजे म्हणून अडून बसले. आमचा पोरगा टेप घेऊन सोबत गेला. मोटार विहिरीतल्या कट्ट्यावर होती. दिवाळीत पाणी कट्ट्याखाली दहा फुटांवर होतं, आता टेप सोडला तर २७ फूट. चालू मोटारीतून खडी दळल्यासारखा आवाज येत होता. दाब फार कमी झाला की पाणी थंड असतानाच त्याची वाफ होते. तिचे बुडबुडे इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर जाऊन फुटतात आणि धातू टोकरतात. पंप खोलला तेव्हा इंपेलरची पानं कसर लागल्यासारखी खाल्लेली होती. इथं साडेसातची बसवली असती तर ती जास्त पाणी मागणार, त्याच सक्शन पाइपात घर्षण आणखी वाढणार, आणि इंपेलर आणखी लवकर जाणार.

शिवाय सक्शनच्या एका फ्लँजमधून, म्हणजे बोल्ट लावलेल्या जोडातून हवा शिरत होती. सक्शनची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पोरानं उदबत्ती पेटवून चालू मोटारीच्या प्रत्येक जॉइंटपाशी धरली. तिसऱ्या जॉइंटला धूर सरळ फटीत गेला. तात्या म्हणाले, "आयला, ह्यो तर बिडी ओढतोय!" मोटार नऊ फूट खाली दुसऱ्या कट्ट्यावर घेतली, वायसर बदलला. त्या दिवशी आमची विक्री म्हणजे इंपेलर आणि रबरी वायसर. पाणी पाइप भरून आलं. पावसाळ्याआधी मोटार परत वर घ्यायची हे त्यांना दोनदा बजावून सांगितलं.

फुटबॉल गळत असला की शेणकाला ओतून काम भागवायची पद्धत आहे. एका रात्रीपुरतं ठीक, रोजचं औषध नव्हे.

"किलो" म्हणजे काय

पाइपावर ४ किलो, ६ किलो छापलेलं असतं. ते वजन नाही, एका चौरस सेंटिमीटरवरचा दाब आहे. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे १ किलो दाब देतो. स्तंभ बोटाएवढा जाड असो की विहिरीएवढा, दाब फक्त उंचीवर ठरतो. गवंड्याची लेव्हल नळी याच जोरावर चालते. घरात नळाला जोर नाही म्हणून हजार लिटरच्या जागी दोन हजारची टाकी घेणाऱ्यांना आमचं सांगणं : टाकी मोठी नको, उंच करा.

म्हणजे डोंगराकडच्या रानात ३५ मीटर चढ असेल तर नुसतं उभं पाणीच साडेतीन किलो. ४ किलोचा पाइप पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. लाइट जाते तेव्हा काय होतं बघा. पाइपातलं पाणी पळत असतं, ते थांबतं, उलटं फिरतं आणि चेकव्हॉल्व्ह (पाणी मागं येऊ न देणारी झडप) धाडकन बंद होतो. पळत्या पाण्याचा सगळा जोर पाइपाच्या भिंतीवर येतो. पीव्हीसीमध्ये सेकंदाला दीड मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम अडलं तर क्षणभर साधारण ६ किलोचा जादा धक्का बसू शकतो. रात्री पाइप फुटला की लोक आमच्या मालाला शिव्या घालतात. माल कधीकधी खराब असतोही, नाही असं नाही. पण पाइप तळाकडं फुटला असेल आणि त्याच रात्री लाइट ये-जा करत असेल, तर आधी चेकव्हॉल्व्ह आणि एअर व्हॉल्व्ह बघा. गेट व्हॉल्व्ह बंद करणार असाल तर सावकाश फिरवा.

बारीक पाइप कुठं महाग पडतो

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथं. सेकंदाला ८ लिटर पाणी ६०० मीटर न्यायचं आहे असं धरा. ९० मिमीचा, म्हणजे आपला तीन इंची पाइप टाकला तर घर्षणातच १३-१४ मीटर उंचीएवढी ताकद जाते. ११० मिमीचा, चार इंची टाकला तर ५ मीटर. आणि "आहे तो वापरू" म्हणून घरातला दोन इंची जोडला तर ८० मीटर, म्हणजे रान सपाट असूनही मोटारीला वाटतं की आपण वीस-पंचवीस मजले चढतोय. पाइप थोडा जाड झाला की घर्षण इतकं का पडतं? जागा वाढली की तेच पाणी सावकाश जातं, आणि घर्षण वेगाच्या जवळजवळ वर्गानं वाढतं-घटतं. चार इंचीचे जादा पैसे एकदाच जातात. बारीक पाइपाची किंमत मात्र मोटार चालू असेल तेवढे तास भरत राहावी लागते.

ठिबकवाल्यांसाठी थोडकं : साधा ड्रीपर १ किलोला ताशी ४ लिटर देत असेल, तर पाव किलोला तो शून्य नव्हे, २ लिटर देतो. म्हणून ओळीच्या शेवटचं झाड वाळत नाही, नुसतं मागं राहतं, आणि तुम्ही खताला दोष देता. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाबाचा मीटर बघा. अर्ध्या किलोचा फरक दिसला की फिल्टर धुवा. व्हेंचुरीतून खत जातं ते कसं, असं बरेच जण विचारतात. नळी मध्ये अरुंद केलेली असते, तिथं पाणी जोरात पळतं आणि दाब पडतो, बादलीतल्या खतावर बाहेरच्या हवेचा भार असतोच. म्हणजे इथंही ओढणारं कुणी नाही, हवाच ढकलते. व्हेंचुरीच्या अलीकडं-पलीकडं दाबाचा फरक पडलाच नाही, तर बादली तशीच भरलेली राहणार.

पाणी वरही ढकलतं

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. अशा पुरात रिकाम्या प्लॅस्टिकच्या टाक्या तरंगत जातात. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर लागतो. हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडवायची तर तिच्यावर जवळजवळ एक टन ठेवावा लागेल. म्हणून पुराची बातमी आली की टाकी पाण्यानं भरून, झाकण लावून ठेवा. भरलेली टाकी पाण्यात ना जड ना हलकी.

चारीत टाकलेल्या पाइपाचंही तसंच होतं. १६० मिमीचा ६ मीटरचा पीव्हीसी पाइप सुमारे १२० लिटर पाणी बाजूला सारतो आणि त्याचं स्वतःचं वजन असतं २०-२२ किलो. तोंडं बंद करून, माती न ओढता चारी तशीच ठेवली आणि रात्री वळीव पडला, तर सकाळी पाइप चारीच्या वर आलेला असतो, जॉइंट उखडलेले. मधे मधे माती टाकून ठेवा, नाहीतर पाइपात पाणी भरून ठेवा.

नदीकाठी ड्रमच्या तराफ्यावर मोटार ठेवणाऱ्यांनी हाच हिशेब करावा. २०० लिटरचा लोखंडी ड्रम स्वतःचं वजन वजा जाता १८० किलो पेलतो. मोटार, सांगाडा, वर चढणारी दोन माणसं आणि पाण्यानं भरलेला पाइप, सगळं धरून ड्रम निम्मेच बुडले पाहिजेत. गेल्या वर्षी एकानं पाइपातलं पाणी मोजायचं राहून गेलं म्हणून मोटार चालू केल्याबरोबर तराफा एका अंगाला बसला. मोटार वाचली, मालक भिजला.

दुकानात येताना एवढं मोजून आणा : पाणी ते मोटार उभं अंतर, आत्ताचं आणि दिवाळीतलं. मोटार ते रानाच्या सगळ्यात उंच टोकापर्यंतचा चढ. पाइपाची लांबी आणि त्यावर छापलेले मिमी. २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते. हे चार आकडे असले की कोणती मोटार घ्यायची, किंवा घ्यायचीच का, हे पाच मिनिटांत सांगता येतं. टेप नसला तर आमचा घेऊन जा. फक्त परत आणून द्या. मागच्या उन्हाळ्यात तीन टेप गेले ते अजून आलेले नाहीत.